आग विझवणारा रघ्या

महालक्ष्मीची शपथ! डोंगराकडं तोंड करून, ओरडून सांगते, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं, आणि उठताना माझी तंबाखूची डबी खाली ठेवून जावं. लोक माझ्याबद्दल काहीबाही बोलतात. पुतळी म्हातारी एकाचे चार करते म्हणे. करते कधीकधी. पण ही गोष्ट माझ्या पोटच्या पोराची आहे, ह्यात कशाला करीन?

आमचा पाडा झरीच्या अंगाला. अठरा घरं, एक विहीर, आणि ज्याला त्याला दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते माहीत. माझा रघ्या बत्तीस वर्षांचा. गुजरातेत एका कंपनीत झाडू मारायला जायचा. तिथं सहा वर्षं त्याला कोणी नावानं हाक मारली नाय. "ए छोकरा, इकडे आव," एवढंच. मग एक दिवस तेही बंद झालं, कंपनीनं माणसं कमी केली, आणि रघ्या घरी येऊन ओट्यावर बसला. त्याची बायको तानी मिरचीच्या वाडीत कामाला जायची. हा बसून कोंबड्या बघायचा.

भात झोडून झालं आणि शेजारच्या हाल्याचा गोठा पेटला. हाल्यानं स्वतःच बिडी टाकलेली, पण ते तो कबूल करत नाय. जाळ असा चढला की वरनं जाणारा कावळा भाजून खाली पडला आणि हाल्याच्या कुत्र्यानं तो जागेवर खाल्ला. मी बघितलं. सगळे लांबनं ओरडत होते. रघ्या मात्र गोणपाट भिजवून आत घुसला, दोन्ही बैल सोडून बाहेर काढले. भुवया जळाल्या त्याच्या. हाल्या त्याच्या गळ्यात पडून रडला.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंड्याखाली रघ्याला शाल आणि नारळ दिला. फोटो मोबाइलवर फिरला. महिनाभर पोरगं रघ्याभाऊ झालं होतं. "रघ्याभाऊ, बसा." "रघ्याभाऊ, चहा." थंडी सरली, ऊन तापायला लागलं, तरी ती शाल खांद्यावरनं उतरेना. मग लोक विसरले. लोक विसरतातच. परत ओटा आणि कोंबड्या.

होळीच्या आधी हिराबाईची पेंढ्याची गंजी पेटली. हिराबाई एकटी बाई, पाड्याच्या टोकाला राहते. सगळ्यांच्या आधी रघ्या पोचला. होळीनंतर हाल्याचीच गंजी गेली, वर्षाचा पेंढा. तिथंही रघ्या पहिला. हात भाजलेले, तोंड काळं, न् डोळे असे चमकत होते जसे लग्नात नवऱ्याचे.

पाड्यात संशय शिरला. हिराबाई म्हणाली हाल्यानं लावली, बांधाचं जुनं भांडण होतं. हाल्याची लागली तेव्हा हाल्या म्हणाला हिराबाईनं सूड घेतला. माणसं आपापल्या गंजीपाशी खाट टाकून बसायला लागली. कोणी कोणाकडं विस्तव मागेना. बिडी पेटवायला काडी मागितली तरी लोक आधी वर-खाली बघायचे.

आणि मी बघत होते माझ्या घरात.

हाल्याची गंजी पेटली त्या दुपारी मी आत पडले होते. बाहेर बोंब झाली, मी उठले, बघते तर दारात दोन कळश्या काठोकाठ भरलेल्या. भर दुपारी तीनला कोण पाणी भरतं? आमच्याकडं पाणी सकाळी भरतात. आणि रघ्याचा चांगला शर्ट खुंटीला. बोंब आत्ता झाली, आणि ह्यानं शर्ट कधी काढला?

तानीलाही काहीतरी कळलं होतं, पण तिचं कळणं वेगळंच.

"आये, ह्यांची कोणतरी आहे," ती मला भाकऱ्या थापताना म्हणाली. "दुपारचे कुठं जातात सांगत नाय. आल्यावर अंघोळ करतात. मी शर्टाचा वास घेतला."

"बाईचा आला?"

"नाय आला. हुशार असणार ती."

मग मी घेतला वास. मलाही बाईचा नाय आला. घासलेटाचा आला.

चैतात आम्ही राबासाठी झाडं तोडत होतो. राब म्हंजे भाताचं रोप टाकायची जमीन आधी भाजायची. तिच्यावर शेण, फांद्या, पाला, गवत, वरनं माती असे थर द्यायचे आणि पेटवायचं. रघ्या ऐनाच्या झाडावर कोयता घेऊन चढलेला, मी खाली बसून फांद्यांचे भारे बांधत होते. तानी उधव्याच्या बाजारात गेलेली.

"रघ्या," मी वर न बघता म्हटलं, "त्या दिवशी कळश्या कोणी भरल्या?"

कोयत्याचा आवाज थांबला.

"तानीनं."

"तानी वाडीवर होती."

"मग तू भरल्या असशील."

"माझे गुडघे विहिरीपर्यंत जातात का रे?"

वरनं एक फांदी पडली. मग तोच उतरला. केसांत पाला, छातीवर खरचटलेलं. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि कोयत्यानं माती उकरायला लागला.

"आये, मी लावत नाय. माझ्याकडनं लागते."

मी हातातल्या फांदीनं त्याला हाणलं. पाठीवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. हलला नाय.

"सकाळपास्नं हात शिवशिवतात," तो म्हणाला. "छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. लागली का मोकळं वाटतं. मग सगळे हाका मारतात, रघ्या पाणी आण, रघ्या वर चढ, रघ्या इकडं. तेवढा वेळ मी असतो. विझली का परत नसतो."

"हिराबाईचा काय गुन्हा?"

"काही नाय. तिची गंजी कडेला होती."

हे ऐकून मला त्याच्या आगीपेक्षा त्याचीच भीती वाटली. पोटात ठेवला, पाठीवर वागवला, आणि समोर बसलेला माणूस ओळखीचा वाटेना. वाटलं, काही लागलंय ह्याला, काळ्या भगताला दाखवावं. पण काळ्याच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत गुजरातेत पोचतं. म्हणून सरकारी दवाखान्याच्या आशाताईला, त्या संगिताला, सांगितलं. ती गोळ्या वाटायला यायची. तिला मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या गावात एक पोरगा आहे." ती म्हणाली, "आजी, त्या पोराला मंगळवारी डहाणूला सरकारी दवाखान्यात घेऊन या. मनाच्या डॉक्टर येतात. आणि तुमची बहीण वारली ना मागच्या वर्षी?"

तलासरीपर्यंत टमटम, पुढं एसटी. डॉक्टर बाई होती, विनिता मॅडम. मला वाटलं पोलीस असणार. काठी पडली असं करून टेबलाखाली वाकून बघितलं, बूट आहेत का. चपला होत्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला, टाचणी लावून जोडलेला. तेव्हा जरा धीर आला.

"रघुनाथ, तुम्ही बोला," ती म्हणाली.

रघ्यानं मागं वळून बघितलं, कोणाला बोलावते म्हणून. तुम्ही म्हणावं असं मागं कोणी नव्हतं.

पाऊण तास बोलत होता. कंपनी, छोकरा, शाल, कळश्या, सगळं. मॅडम लिहीत होती, मध्येच एखादा प्रश्न. लावायच्या आधी काय खाल्लं होतं? आदल्या दिवशी झोप किती? कोणी काही बोललं होतं का? मला वाटलं, पोरानं लोकांचा चारा जाळला आणि ही विचारते जेवलास का!

"हे भूत आहे का बाय?" मी विचारलं.

"नाही आजी. आजार आहे, आणि गुन्हापण आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं." मग तिनं आजाराचं नाव सांगितलं, एवढं लांब की एसटीत बसेपर्यंत अर्धं सांडलं. "प्रत्येक गुन्ह्यातनं करणाऱ्याला काहीतरी मिळतं. ह्यांना मिळतं ते जाळात नाही, हाकांमध्ये आहे. ते दुसरीकडनं मिळवून द्यायचं, आणि हात शिवशिवतात तेव्हा काय करायचं ते शिकवायचं. वेळ लागेल."

तिनं नियम घातले. काडेपेटी ह्याच्या हाती नाय. हात शिवशिवले की लपवायचं नाय, आईला तोंडानं सांगायचं, आणि आईनं ओरडायचं नाय. मग हात कोपरापर्यंत पाण्यात घालून शंभर श्वास. वहीत एक रेघ. झोपेची गोळी. दर मंगळवारी इथं.

"आणि एक," ती रघ्याकडं बघून म्हणाली, "कोणाच्या घराला, जिवाला धोका आहे असं मला दिसलं तर मी गप्प बसणार नाही. आधीच सांगून ठेवते. दुसरं, ज्यांचं जळलं त्यांना एक दिवस तुम्हाला सांगावं लागेल. आज नाही. पण लागेल."

त्या दिवसापास्नं घरातल्या काड्या माझ्या कनवटीला. चूल पेटवायला तानी काडी मागायला यायची आणि मी एकच द्यायचे.

"मला एकेक काडी देता? मी काय चोर आहे?"

"दमट आहेत गो. उन्हात घालायच्यात."

"कनवटीला ऊन लागतं का?"

शेवटी रघ्यानंच तिला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या."

रघ्या शेतातनं धावत यायचा. "आये, आली." मी म्हणायचे, "बरं." एवढंच म्हणायचं ठरलं होतं, दात चावून म्हणायचे. तो गोठ्यातल्या डोणीत कोपरापर्यंत हात घालून बसायचा. आमचा ढवळ्या बैल पाणी प्यायला यायचा आणि ह्याच्या हातांकडं बघत उभा राहायचा. पहिल्या आठवड्यात सोळा रेघा. मग अकरा. मग सात. आमचा बैल श्वास मोजायला शिकला, शंभर झाले की स्वतःच डोकं हलवून रघ्याला उठवायचा. हसू नका, शपथ घेतलीय मी.

माझा विश्वास मात्र बसेना. तो विहिरीवर गेला तरी मी मागनं बघायचे, कुठल्या हाताला वळतो. तो झोपला की त्याच्या उशाखाली हात घालायचे. त्याला कळायचं. कूस बदलायचा. आईनं पोराला असं चाचपावं, त्याला काय वाटत असेल? पण मी थांबले नाय.

तिकडं हाल्या विचार करत होता. हाल्या दिसतो बावळट, पण नाय.

"काकी, रघ्या दर मंगळवारी कुठं जातो?"

"दात दुखतो त्याचा."

"दीड महिना?"

"तीन दात आहेत."

"दात दुखायला लागल्यापास्नं पाड्यात आग नाय लागली," हाल्या म्हणाला, आणि बिडी न पेटवताच तोंडात धरून गेला.

चार दिवसांनी पोलीस पाटील हरिश्चंद्र दारोदार फिरला. मंगळवारी सकाळी चिंचेखाली काळ्या भगत बसणार, सुपात तांदूळ टाकून आग लावणारा काढणार. घरटी एक बाप्या आलाच पाहिजे. जो येणार नाय तोच चोर. हाल्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, नाव निघालं की त्या माणसाचे दोन्ही हात मोडायचे आणि घर पाड्याबाहेर काढायचं, म्हातारी-कोतारी सगळी.

आता काळ्याचं सांगते. चाळीस वर्षं बघतेय मी त्याला. तो तांदूळ बघत नाय, तोंडं बघतो. दाणे इकडं सारतो, तिकडं सारतो, पण डोळे वर असतात, कोणाचा घसा कोरडा पडला, कोण पाय हलवतो. आणि रघ्याचं तोंड म्हंजे उघडी टोपली. दोन दाणे पडायच्या आत गेला असता.

सोमवारी आम्ही राब लावला. काडी मी ओढली. तानी फांदी घेऊन कडेला उभी. रघ्या लांब बांधावर, पाठ करून. खांदे थरथरत होते पण वळला नाय.

मंगळवारी पहाटेच मी त्याचा डबा बांधला.

"आये, मी बसतो चिंचेखाली," तो म्हणाला. "सांगून टाकतो. मॅडम म्हणालीच होती."

"आज नाय म्हणाली होती. हाल्याचा कोयता बघितलास? कालपास्नं घासतोय."

"नाय गेलो तर मीच चोर ठरेन."

"गेलास तरी तूच ठरशील. चल, नीघ. दवाखान्यात तुझी सही होते ना? वेळ घालतात ना कागदावर? तो कागद घेऊन ये."

ढकलून टमटममध्ये बसवला.

ऊन वर आलं तशी माणसं चिंचेखाली जमली. काळ्या सूप मांडीवर घेऊन बसला. मी तानीला घेऊन बायकांत बसले. हरिश्चंद्रानं घरं मोजली. सतरा.

"रघ्या कुठाय?" हाल्यानं विचारलं.

"दवाखान्यात."

"दात?"

कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं आणि सगळी तोंडं आमच्याकडं वळली. तानीनं माझा हात धरला. हाल्या उठला. "काळ्याबाबा, तांदूळ कशाला वाया घालवता? माणूस स्वतःच सांगून गेला ना!"

"देवाचं काम देवाच्या रीतीनं," काळ्या म्हणाला. त्याला त्याचा मान जायला नको होता. "नारळ कुठाय?"

नारळ कोणीच आणला नव्हता. प्रत्येकाला वाटलं दुसरा आणेल.

"मी आणते," मी उठले.

"काकी, तुमचे गुडघे?"

"देवाच्या कामाला चालतात."

घरी गेले, नारळ घेतला, परत आले. वेळ लागला, म्हातारं माणूस. काळ्यानं नारळ फोडला, तांदूळ सुपात टाकले, पुटपुटायला लागला. आणि तेवढ्यात वारा सुटला. काय वारा! चिंचेचा पाला सगळा एका अंगाला झाला, हरिश्चंद्राची टोपी उडून कोंबड्यांत पडली. कालच्या राबात खाली निखारे असणारच. ते उडाले असणार. बघतो तर आमच्या खळ्यातनं धूर.

माझी गंजी पेटली होती.

सगळे धावले. बायका कळश्या घेऊन, बाप्ये फांद्या घेऊन. सवयीनं सगळे ओरडत होते, "रघ्या! रघ्याला बोलवा!" आणि रघ्या तर डहाणूत. कोण चढणार, कोण कुठं पाणी टाकणार, कोणाला सुचेना. शेवटी हाल्याच पुढं झाला. गोठ्याच्या छपरावर चढून ओली गोणपाटं टाकली त्यानं, हात भाजून घेतला. गोठा वाचला. गंजी गेली. पावसापर्यंतचा सगळा चारा काळा होऊन खळ्यात बसला.

चिंचेखाली काळ्याच्या सुपातले तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले होते. "देवानं उत्तर दिलं," काळ्या म्हणाला. "जो इथं नाय त्यानं कशी लावली? आणि स्वतःच्याच बैलांचा चारा कोण जाळतं?"

हाल्या तोंडाची राख पुसत माझ्यापाशी आला. "काकी, चुकलो. मी तुमच्या पोरावर संशय घेतला." त्याच्या तळव्याला फोड आले होते. मी त्यावर कोरफड लावली, आणि त्याच्या तोंडाकडं माझ्यानं बघवेना.

दुपारी रघ्या आला. हातात कागद, शिक्का मारलेला. राखेभोवती फिरला, उकिडवा बसला, तळवा जमिनीला लावला. राबाकडं बघितलं. मधलं अंतर बघितलं. मग माझ्याकडं.

"वारा कुठल्या बाजूनं होता?"

"इकडनं," मी म्हटलं.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं, आणि आत गेला.

मग चाऱ्याचे हाल. वैशाखात हिरवं कुठलं? रघ्या सकाळी कोयता घेऊन निघायचा, ओढ्याच्या कडेनं मैल-मैल फिरून डोक्यावर भारा आणायचा. मानेला गळू झालं. तानी वाडीतनं येताना केळीची पानं आणायची. ढवळ्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

एका सकाळी हाल्या आला. डोक्यावर पेंढ्याचे चार भारे. कुठल्या पाहुण्याकडनं मागून आणले होते. ज्याची गंजी माझ्या पोरानं जाळली तो आमच्या बैलांना चारा घेऊन दारात उभा.

रघ्यानं एक भारा उतरवून घेतला. दुसऱ्याला हात घातला आणि थांबला.

"हाल्याभाऊ, तुझी मी लावली. हिराबाईची पण."

मी चुलीपाशी होते. पीठ हातातच राहिलं.

हाल्यानं उरलेले भारे सावकाश खाली ठेवले आणि रघ्याच्या कानाखाली अशी दिली की कोंबड्या उडाल्या. दुसरी दिली. तिसऱ्याला हात उचलला आणि तसाच ओट्यावर बसला. तानीनं पाणी दिलं ते प्यायला नाय.

रघ्यानं दवाखान्याची वही आणून त्याच्यासमोर ठेवली. रेघा दाखवल्या. हाल्याला वाचता येत नाय, पण रेघा कळतात. पानं उलटत गेला.

"ह्या आठवड्यात दोनच?"

"दोन."

"खोट्या तर नाय मारल्या?"

"आयेला विचार."

हाल्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "ह्या पावसात आधी माझं शेत लावायचं, मग हिराबाईचं, मग तुझं. दर मंगळवारचा कागद मला दाखवायचा. एक मंगळवार चुकला तर मी हरिश्चंद्राकडं जाणार. हिराबाईला तू सांगायचंस, मी नाय." उठला. तानी भारे परत त्याच्या डोक्यावर द्यायला गेली, तर म्हणाला, "राहू देत. बैलांसाठी आणलेत."

पायरीवर थांबला. "मग तुमची गंजी कशी जळली रे? तू तर डहाणूत होतास."

रघ्याचा गाल सुजत होता. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "राबातनं. विस्तव गवतातनं सरकला असणार."

झालं. तो सगळं खरं बोलला त्या दिवशी, आणि तेवढं एक खोटं बोलला, माझ्यासाठी.

म्हणून आता सांगून टाकते. बाकी सगळं शपथेवर खरं, वारा तेवढा मी घातलाय. त्या दिवशी चिंचेचं पान हलत नव्हतं. टोपीसुद्धा कोंबड्यांत मीच पाडली. नारळ आणायला गेले तेव्हा कनवटीतली एक काडी ओढली, गंजीच्या बुडाला लावली, आणि नारळ घेऊन परत येऊन बसले. चारा आमचाच होता, पोर आमचंच होतं.

ते मी कोणालाही सांगेन. जे सांगता येत नाय ते वेगळंच. काडी लागली, आणि पहिला धूर वर चढला, तेव्हा मी लगेच निघाले नाय. उभी राहिले. गुडघे दुखायचे थांबले होते. मग नारळ घेऊन परत जाऊन बसले, आणि चिंचेखालनं बोंब उठली, "पुतळीची गंजी! पुतळी! पुतळी!" अठरा घरं माझ्या नावानं ओरडत धावली, आणि माझ्या मनात आलं, एवढ्यात विझू नये.

मंगळवारी रघ्याबरोबर मीपण जाते आता. घरी सांगितलंय, गुडघ्यांसाठी.